विसळलेला पेला

"किडनी दिलीय मी तुला, दादा, उसनी साखर नाही! बाहेरचं खात असशील."

"तुझी शपथ, नाही."

"मग वहिनी पाणी उकळत नसेल."

"तिला एक शब्द बोलायचा नाही!"

शिंप्याच्या बायकोने नवऱ्याचं आणि नणंदेचं हे भांडण स्वयंपाकघरातून ऐकलं. शरीराने नवी किडनी झिडकारू नये म्हणून नवऱ्याला गोळ्या होत्या, आणि त्यांनी रोगाशी लढायची ताकदच कमी केली होती. त्याच्या आतड्यात पाण्यातले बारीक जंतू सापडले होते. डॉक्टर त्यांना परजीवी म्हणायचे, म्हणजे फुकटे पाहुणे. इतरांच्या पोटातून चार दिवसांत निघून जाणारे, इथे ठाण मांडून बसले होते. जुलाबांनी माणूस वाळून काडी झाला होता. आणि ती तर पाणी खळखळ उकळत होती!

डोळे पुसून तिने नणंदेसाठी घासलेला पेला घेतला, सवयीने नळाखाली विसळला आणि त्यात उकळलेलं पाणी ओतलं.

"वहिनी, दादालाही असंच देतेस?" नणंद दारातूनच ओरडली.

"मग काय धुळीच्या पेल्यात देऊ?" असं म्हणता म्हणता ती थबकली. नळाचं न उकळलेलं पाणी पेल्यातूनच पोटात जात होतं. नणंदेने कपाळावर हात मारला आणि दोघी हसत सुटल्या.

त्या दिवसापासून पेलेही उकळत्या पाण्यातून निघू लागले. औषधाने पोट सावरलं, शिंप्याच्या गालांवर मांस आलं. पुढे रोज दुपारी बायको त्याच्या दुकानात उकळलेल्या पाण्याची बाटली नेऊ लागली. म्हातारपणी दुकान कायमचं बंद करायचा दिवस आला, त्या दिवशीही गेली.

"आता घरीच येतोय की," तो मशीन पुसत म्हणाला.

"तोवर तहान थांबणार आहे का?" म्हणत तिने बाटलीचं झाकण उघडून दिलं.