वायर न जोडलेला स्पीकर

आधीच सांगते, असले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना हसते. पिंपळाखालची बाई, गाडीच्या मागच्या सीटवरचा म्हातारा... मला काही पटत नाही. मरोळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मी बरीच वर्षं सोल्डरिंग केलं आहे. जिथे वायर नाही तिथून करंट जात नाही, एवढं तरी मला कळतं. म्हणून तर हे लिहायला इतका उशीर केला.

साल १९८६. घाटकोपरला भटवाडीत, टेकडीच्या चढावर आमची चाळ. घरात तिघंच — अण्णा, दादा आणि मी. आई आधीच गेली होती. अण्णा म्हणजे आमचे वडील, मूळचे मालवणकडचे. सगळा जन्म गिरणीत मागांवर काढला आणि संपानंतर घरी बसले. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. पण त्या खात्यातले कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे, तसं अण्णाही ओळखायचे. समोर तोंड करून बोललं की झालं. पाठ फिरवून त्यांची थट्टा केलेली मात्र चालून जायची, आणि दादा ती करायचाही.

दादा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्याकडे व्हॉल्व्हचा जुना कॉम्बो होता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. गल्फला निघालेल्या एका वादकाकडून घेतलेला. आवाज झकास, वजन मात्र लोखंडी कपाटाचं. दादा सरावाला बसला की अण्णा त्या खोक्याच्या पुढच्या कापडावर तळवा ठेवून बसायचे. पोराचं वाजवणं त्यांना तेवढंच ऐकू यायचं... तळव्यातून. लय चुकली की भुवई उडवायचे.

तो कॉम्बो चढावरून वर-खाली करून दादाची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. मग त्याने ठरवलं — कॉम्बो फोडायचा. अ‍ॅम्प्लिफायर छोट्या पेटीत, स्पीकर वेगळ्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे ओझं दोन फेऱ्यांत नेता येईल. "मुंडकं वेगळं, धड वेगळं," असं तो हसत म्हणायचा. असलं अभद्र बोलू नकोस म्हणून मी त्याच्यावर ओरडले होते. प्लायवूड त्याने कापलं, वरचं काळं रेक्झिन त्याने चिकटवलं, आतली जोडणी माझ्याकडे. एक गोष्ट मात्र त्याने मला बजावून ठेवली होती. आता स्पीकर सुटा झालाय, तेव्हा मधली वायर जोडल्याशिवाय पेटी चालू करायची नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. कॉम्बोत हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे वायर कायमची जोडलेली असायची.

दोन्ही पेट्या तयार झाल्या. फक्त ती वायर करायची राहिली होती, आणि दादाला कावीळ झाली.

फार भरभर गेला तो. शेवटच्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात औषध आणायला खाली गेले होते, त्याच्याजवळ एकटे अण्णा. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णा रडत नव्हते. माझा दंड धरून म्हणाले, "तो माका कायतरी सांगत होतो गो. तोंडार ऑक्सिजनचो मास्क... ओठच दिसाक नाय. मास्क काढूची हिंमत नाय झाली माका."

त्यानंतर त्यांचा तोच एक ध्यास. जेवता जेवता हात थांबायचा आणि विचारायचे, काय सांगत असतलो तो? मी काहीबाही सांगून बघितलं. पाणी मागत असेल, काळजी घ्या म्हणत असेल. अण्णा माझ्या ओठांकडे बघायचे आणि मान हलवायचे. तेरावं झालं तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. मला दादाच्या जाण्याइतकीच त्याची भीती वाटायला लागली होती.

त्यानंतरचा रविवार, भर दुपार. मी गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवरचा लाल दिवा लागलेला. बटण कुठलं ते अण्णांना ठाऊक होतं, पण वायरीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. वायर मी एव्हाना करून ठेवली होती, पण ती माझ्या कामावरच्या पिशवीत, खुंटीला. गिटार तर घरातच नव्हती, दादाचा मित्र कार्यक्रमासाठी घेऊन गेला होता. आणि अण्णा कॅबिनेटसमोर मांडी घालून, कापडावर तळवा ठेवून बसलेले.

वाट लागली... दादाने स्वतःच्या हाताने केलेली शेवटची वस्तू जळणार. मी बटणाकडे धावले तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब गो. तो वाजयता हा."

मी कॅबिनेटच्या मागे हात घालून बघितलं. सॉकेट रिकामं होतं. खोलीत आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. मग अण्णांनी माझा तळवा ओढून कापडावर ठेवला.

आणि ते मला जाणवलं. आधी ठक ठक... पेटीतून येणारी वायर गिटारला लावायच्या आधी दादा तिच्या टोकाला अंगठा लावून बघायचा, तसं. मग तारा, जाडीपासून बारकीपर्यंत, एकेक. त्यातली एक उतरलेली, ती हळूहळू सुरात आणलेली. मी कान लावला — काहीच नाही. तळवा ठेवला की आहे. मग तो वाजवायला लागला. कुठलं गाणं ते मला ओळखू आलं नाही, मला कुठे तळव्याने ऐकायची सवय होती! पण वाजवणारा हात दादाचाच होता. ते मी कोणाच्याही समोर छातीठोक सांगेन.

किती वेळ चाललं, सांगता येत नाही. थांबलं तेव्हा मी पेटी बंद केली. अण्णांच्या समोर बसले आणि तोंड नीट दाखवून विचारलं, काय म्हणाला?

अण्णांनी कापडावरचा तळवा काढला.

"वाजवल्यान बरा," ते म्हणाले. "पण सांगत काय होतो, ता नाय कळला गो. आज पण नाय कळला."

मग त्या कॅबिनेटला मिठी मारून अण्णा रडले. बहिऱ्या माणसाला आपलं रडणं किती मोठं आहे ते कळत नाही. शेजारची बाई दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. मीही त्यांना गप्प केलं नाही.

कामावर आमच्या साहेबांना मी आडून आडून विचारलं. सिग्नल नसेल तर ट्रान्सफॉर्मर कधीकधी वाचतो, म्हणाले. आमचा वाचला होता. बाकीचं मी त्यांना विचारलंच नाही. पुढे कितीतरी दुपारी अण्णा पेटी चालू करून तसेच बसायचे, कधी वायर लावून, कधी काढून. मी अडवलं नाही. जळला तर जळला, म्हटलं. त्यांच्या हाताला पुन्हा काही जाणवलं नाही, आणि काही वर्षांनी तेही गेले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यातला कोणी जाणकार ते देईलही. पण खरं सांगू? मला त्याचं कुतूहल राहिलेलं नाही, मला दादाचा राग येतो. गिटार नसताना, वायर नसताना त्याला अख्खं गाणं वाजवता आलं... मग त्या म्हाताऱ्याला ते एक वाक्य तेवढं सांगता आलं नाही का रे तुला?