अस्तराला लागलेलं तेल

करडईच्या तेलाचा वास मला सहन होत नाही, याचं खरं कारण मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. घरात फोडणी पडली की मी उठून अंगणात येतो आणि बायकोला वाटतं, वयाबरोबर मला ठसका लागू लागला आहे. तसं नाही. निलंग्याच्या शिवारात जे अस्तर फाटलं, त्याला तेल मी लावलं होतं, आणि दोष रशीदच्या शिलाईवर जाऊ दिला होता.

लातूरला माझं आणि रशीदचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. मी लोखंडाचं काम करतो, खिडक्या, जाळ्या, ट्रॉल्या. तो रिक्षांचे हूड आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचा. एका जुन्या पिकअपच्या पाठीवर आम्ही दोघांनी मिळून एक चालती खोली उभी केली होती. रस्त्याने जाताना तिचं छत खाली मिटलेलं असे. मुक्कामी पोचल्यावर ते हाताने वर उचलायचं, आणि छत नि गाडी यांच्यामध्ये कापडाच्या चार भिंती ताठ उभ्या राहायच्या. बाहेरून जाड ताडपत्री, आतून मऊ सुती अस्तर. लोखंड माझं, कापड त्याचं. त्या अस्तराचा रंग त्याने फार विचार करून निवडला होता. हिवाळ्यातल्या सकाळी आत पडून राहिलं की त्यातून ताकाच्या निवळीसारखा फिकट, थंड प्रकाश झिरपत येई आणि बाहेरचं रखरखीत जग काही काळ सौम्य झाल्याचा भास होई. तसा प्रकाश मी नंतर कुठे पाहिला नाही.

कापड वाऱ्याने झिजत नाही, पुन्हा पुन्हा एकाच जागी मोडल्याने झिजतं, असं रशीद सांगे. छत खाली येत असताना एकाने गाडीभोवती फिरत तळव्याने कापड आत सारायचं, नाहीतर ते छत पेलणाऱ्या दांड्यांच्या लोखंडी कोपरांत, म्हणजे त्या जिथे दुमडतात त्या सांध्यांत, चिमटतं. दवाने ओलं असेल तर उन्हं अंगावर येईपर्यंत छत मिटायचं नाही. आणि कोपरांना घासायची ती मेणबत्ती.

"तेलाचं बोट लागलं ना दत्ता, तर कपडा गेला समज," तो म्हणाला होता. "तेल नक्को. मेण."

पण माझी कोपरं कुरकुरत होती. भोकं पाडताना माझा हात किंचित चुकला होता आणि ती चूक छत उचलताना दरवेळी किंचाळून सांगायची. एरवी मी ते चालवून घेतलं असतं. परंतु गाडी दादारावांना दाखवायची होती. दादाराव म्हणजे माझे थोरले साडू, निलंग्याकडचे मोठे बागायतदार. शहरातल्या पाहुण्यांना शेतावर मुक्कामाला बोलवायचं त्यांच्या मनात होतं, आणि ही गाडी पसंत पडली तर अशा आणखी गाड्या ते आमच्याकडून करवून घेणार होते. रिक्षाचे हूड आता तयार मिळू लागल्याने रशीदचं मशीन अर्धा दिवस झाकलेलंच असे. या कामावर त्याचं दुकान टिकणार होतं. माझं पोट त्यावर अवलंबून नव्हतं. माझं जे अवलंबून होतं ते सांगायला लाज वाटते. सासुरवाडीच्या प्रत्येक कार्यात दादारावांची खुर्ची मांडवाच्या मध्यभागी आणि माझी चपलांच्या ढिगापाशी असे. त्या माणसापुढे माझं लोखंड कुरकुरावं, हे मला नको होतं.

आई नायगावहून घाण्याचं करडईचं तेल पाठवायची. आमच्या घरात ते तेल म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा: भाजीला तेच, लेकराच्या टाळूला तेच, दाराच्या बिजागरीलाही तेच. मी सवयीने, सहजच ते कोपरांना लावलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं ठरेल. रशीद जुम्म्याच्या नमाजाला गेल्याचं पाहून मी लावलं. लोखंड गप्प झालं. मग ते पुन्हा बोलू लागलं की पुन्हा लावलं, उन्हाळाभर, पावसाळाभर. ते तेल कोपरांवरून अस्तरात उतरलं, त्यावर काळ्या रानाची पिठासारखी धूळ बसली, आणि करडईचं तेल जसं पत्र्यावर सांडलं की रोगणासारखं वाळतं, तसं ते घड्यांमध्ये वाळून कडक झालं. कापड पापडासारखं झालं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि मी मेणच लावतो असं रशीदला वाटावं म्हणून मेणबत्तीचं टोक वर्तमानपत्रावर घासून झिजवून ठेवलं होतं.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही निलंग्याला गेलो. रात्रभर दव पडलं होतं. ज्वारीच्या पानांवरून ते सावकाश ठिबकत होतं, आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर रानावर आडवा पसरला होता, आणि कोवळ्या दाण्यांच्या भाजल्या वासाने थंडीलाही एक गोडवा आला होता. दादारावांचे सोयरे, गावचे चारचौघे, मुखेडचे काही व्यापारी असे पुष्कळ लोक आगटीभोवती बसले होते. दादारावांनी स्वतः छत उचललं. कुरकुर झाली नाही. मी अभिमानाने सभोवार पाहिलं, आणि तेवढ्यात घडीच्या रेषेवर अस्तर फाटत गेलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, वाळकं पान चुरगाळावं तशा आवाजात.

"साडूभाऊ, तुमचं लोखंड लई भक्कम हाय बघा," दादाराव म्हणाले. मग रशीदकडे वळून, सगळ्यांना हसवण्याच्या सुरात, "मियाँ, कुण्या मय्यताची चादर शिवली म्हणायची ही?"

लोक हसले. रशीद पुढे झाला. फाटलेली कड त्याने चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली आणि नाकाशी नेली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो फक्त वाट पाहत होता.

"कपड्यातलं मला काय कळत न्हाई, दादाराव," मी म्हणालो.

रशीदने मान खाली घातली. "माझंच चुकलं असंल," तो म्हणाला, "थंडीत आखडलं असंल."

नंतर सगळे हुरडा खात असताना तो गाडीत बसून अस्तर शिवत राहिला. कडक झालेली पट्टी त्याने कात्रीने काढून टाकली, आतून नव्या कापडाचं ठिगळ धरलं, त्याचे कोपरे उचकटू नयेत म्हणून गोल केले, दोन ओळींत टीप घातली आणि शेवटी प्रत्येक छिद्रावर मेण दाबलं. हुरड्याचा द्रोण घेऊन मी त्याच्यापाशी गेलो तेव्हा ती कापलेली पट्टी तो गुंडाळून खिशात ठेवत होता. ती त्याने दादारावांपुढे नुसती धरली असती तरी पुरलं असतं. तो वास त्या रानात कोणीही ओळखला असता. त्याने ती कोणालाच दाखवली नाही. हुरडाही घेतला नाही.

परतताना लातूर जवळ आल्यावर तो एवढंच बोलला, "मेण संपलं होतं तर मागायचं होतं रे."

मी गाडी चालवत राहिलो.

दादारावांनी पुढे मुक्कामासाठी पत्र्याच्या खोल्या उभारल्या. त्यांच्या लोखंडाचं काम मला दिलं आणि मी ते घेतलं. रशीदची शिलाई उसवते, ही गोष्ट मात्र त्या आगटीपासून उठून निलंग्याच्या बाजारात आणि मुखेडच्या आठवड्याच्या बाजारात हिंडत राहिली. पाहता पाहता ट्रॅक्टरवाल्यांनीही त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवली. आता तो नांदेडला जावयाच्या गादीच्या दुकानात उशांच्या खोळी शिवतो. एकदा मी त्या रस्त्याने गेलो होतो. तो मशीनवर वाकलेला होता, कापसाचे तंतू त्याच्या पांढऱ्या भुवयांवर बसले होते, आणि मी रस्त्यापलीकडे थांबून काही वेळाने परत फिरलो.

त्याची माफी मागावी, असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं. पण रशीदला सांगण्यासारखं माझ्याकडे आहे तरी काय? त्याला तर ते बोटाच्या टोकावर, त्याच सकाळी समजलं होतं. माफी मागून मोकळा मीच झालो असतो; त्याच्या नावावरचा डाग मुखेडच्या बाजारात होता तसाच राहिला असता. आणि हे इथे लिहिण्यात तरी कसलं धैर्य? दादाराव काही वाचत नाहीत. त्या आगटीभोवती बसलेल्यांपैकी कोणीच वाचत नाही. हे ठाऊक आहे म्हणूनच बहुधा हात चालला.

कपडा चांगला होता, शिलाई चांगली होती, तेल मी लावलं होतं: हे मला दादारावांसमोर, हसलेल्या त्या माणसांसमोर, मोठ्याने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.