वास्तुशांतीची टोपी

भर वास्तुशांतीला, सगळ्या गावासमोर, मी एका मुलीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर पांढरी टोपी घातली. टोपी नीट बसेना म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसवली. मुलीने अंबाडा घातला होता आणि अंबाड्यावर गजरा होता, म्हणून बसत नव्हती.

तेव्हा माझं वय चौसष्ट. अगदीच कोवळं. गुडघे ठणठणीत होते, आणि गुडघे ठणठणीत असले की बाईला वाटतं, डोकंही तसंच असणार.

ती मुलगी माझ्या नातीची मैत्रीण, पाचवीपासूनची. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. शाळेत ती मुलांच्या रांगेत उभी राहायची, पण मधल्या सुट्टीत डबा खायला आमच्या नातीशेजारीच. आमच्या मोशीच्या जुन्या घरात दोघींनी माझ्या बरणीतलं लोणचं किती वेळा तळाला नेलं, त्याला हिशेब नाही. विशीत आल्यावर तिने आईबापांना सांगितलं, मी मुलगी आहे आणि यापुढे मुलगी म्हणूनच राहणार. आई रडली. बाप चिखलीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. त्याने बोलणंच टाकलं. मग ती थेरगावात खोली घेऊन राहायला लागली, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामाला लागली. वर्षभर बापलेकीने एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

आमच्या कांद्याच्या वावरात बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यात माझ्या मुलाला फ्लॅट मिळाला. वास्तुशांत गुरुवारी ठेवली, त्या दिवशी आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी असते म्हणून. नातीने त्यात स्वतःचा एक बेत घुसवला. मैत्रिणीलाही बोलावलं आणि तिच्या वडिलांनाही.

"काका येतो म्हणालेत," सकाळी माझ्या निऱ्या धरता धरता ती म्हणाली. "काय मनात घेऊन येतायत, कळत नाही. आजी, तू एक कर. तिला बायकांत बसव आणि सगळ्यांना देतेस तसं कुंकू लावून ब्लाउजपीस-नारळ दे. काकांना एकदा दिसू दे, चारचौघांत हे होऊ शकतं."

"एवढंच ना?"

"एवढंच. आगाऊपणा करू नकोस."

मी मान डोलावली. तशी मी फार छान मान डोलावते.

दुपारी पुरुष हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत. ती बायकांत बसली होती, मोरपंखी ड्रेस, हातात पाण्याचा ग्लास, पण पाणी काही पीत नव्हती. तिचे वडील हॉलच्या दाराशी सतरंजीच्या अगदी कडेला बसले, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. कुणी काही विचारलं की हूं म्हणायचे. जावईबापूंनी पाणी पुढे केलं तर तेही नको म्हणाले. माणूस बसायला आलाय की उठायला, तेच कळेना.

आहेर द्यायची वेळ झाली. बायकांना ब्लाउजपीस, पुरुषांना टॉवेल-टोपी. नातीने माझ्यासमोर ताट धरलं. तेवढ्यात धाकट्या जावेने माझं कोपर दाबलं.

"अवो बाई, बाप बसलाय भाईर. त्याच्यादेखत कुकू लावलंसा तर त्यो ताटावरनं उठंल. शुभकार्यात तमाशा व्हायचा."

नात माझ्याकडे बघत होती. तिला जावेचं ऐकू गेलं नव्हतं, पण माझा चेहरा दिसला होता. तिने नुसती मान हलवली, नको.

आणि माझ्यातली हुशारबाई जागी झाली. मला वाटलं, बाप खूश होईल, पोरगी एक दिवस सोसेल, लोक जेवून जातील, पुढचं पुढे बघू. मी मैत्रिणीला हाक मारून हॉलमध्ये बोलावलं. ती हसत आली. बापाकडे न बघता, पण हसत. मी ताटातला टॉवेल उचलला.

बाकीचं वर सांगितलंच आहे.

ती वाकली, माझ्या पाया पडली, एका हाताने टोपी सावरत. मग चपला हातात घेऊन तशीच जिन्याकडे गेली. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. नातीने ताट माझ्या पायाशी ठेवलं आणि तिच्यामागे गेली.

मी बापाकडे बघितलं. खरं सांगते, शाबासकीच्या अपेक्षेनेच बघितलं. ते पिशवी घेऊन उठून उभे राहिले होते.

"मावशी," ते म्हणाले, "ह्यात तिच्या आईनं साडी दिलीय. तुमच्या घरात, तुमच्यासमोर द्यायची म्हनून आलो होतो. रातभर मनाची तयारी केली. आता तुमच्यासारखीच मानसं असं करायली तर मी कुठून धीर आनू?"

आणि पिशवी घेऊन, न जेवता, तेही गेले.

नात त्या दिवसापासून थेरगावलाच राहायला गेली. फोन उचलेना. मी शिऱ्याचा डबा पाठवला, तो घासूनपुसून परत आला, आत निरोपाचा कपटाही नाही. जाऊ म्हणाली, "यील वो, कुटं जातीया." मी तिला म्हटलं, तू पुन्हा माझं कोपर धरलंस तर बघ.

पुढच्या गुरुवारी मी चिखलीत त्यांच्या घरी गेले. बाप दारातच बसला होता. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

"घरातली आठ दिवस बोलंना माज्याशी," ते म्हणाले. "साडी परत आनली म्हनून."

"साडी द्या माझ्याकडे. मी नेते."

"तुमी?"

"मीच बिघडवलंय ना? चला, पोचवा मला. मला बसमध्ये चढायला त्रास होतो."

त्रास बिलकुल होत नव्हता. पण त्यांना घरातून काढायला दुसरं काही सुचलं नाही. आत भांडी थांबली. त्यांच्या बायकोने बाहेर येऊन पिशवी माझ्या हातात दिली आणि स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या.

थेरगावात डांगे चौकापासच्या गल्लीत त्यांनी स्कूटर थांबवली. वरच्या मजल्याकडे एकदा बघितलं आणि हँडल काही सोडलं नाही.

"तुमी जावा. मी हितंच हाय. तिनं दार लावलं तोंडावर तर मला न्हाई सोसायचं, मावशी."

ऊन रणरणत होतं. सावलीत थांबा म्हटलं तरी हलले नाहीत. मी जिना चढले. आमची हुशारबाई दुसऱ्याच मजल्यावर धापा टाकायला लागली.

दार नातीने उघडलं. "काय आहे?" एवढंच विचारलं, वाटेतून बाजूला झाली नाही. मागे मैत्रीण खिडकीखाली बसून मेथी निवडत होती. भिंतीवर खिळ्याला ती टोपी टांगलेली. फेकली असती तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं," मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "नुसतं चुकलं नाही, नको म्हणून सांगितलेलं असताना केलं. ही तुझ्या आईने दिलेली साडी. कुंकू मी लावू का? नको असेल तर पिशवी ठेवून जाते."

तिने हातातली मेथीची जुडी आधी निवडून संपवली. मग हात पुसून माझ्यापुढे येऊन बसली. नात बाजूला झाली. मी करंडा काढला. लावताना कुंकू थोडं तिच्या नाकावर सांडलं. साडी मांडीवर ठेवली तशी तिने ती उचलून नाकाला लावली. डांबरगोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला. ती रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. उठून खिडकीतून खाली बघितलं, खिळ्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

"आजी, माझा राग अजून गेलेला नाही, भलती समजूत करून घेऊ नका. पण बाबा मघापासून उन्हात उभे आहेत. ही त्यांच्या डोक्यावर घाला, आणि म्हणावं वर या, भाजी मेथीचीच आहे."