मारुतीपेक्षा चार बोटं खाली

व्यायामशाळेत जाऊन माझी छाती दीड इंचाने वाढली होती, ती लग्नानंतर परत गेली. राहिले ते किस्से. आमच्या भांडुपच्या चाळीतले जुने लोक बारशाला भेटोत नाहीतर तेराव्याला, दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतोच, "दिल्या, त्या रॅकचं सांग ना." मग मी सांगतो. ऐकणाऱ्यांना सगळं पाठ असतं, त्यामुळे जरा कुठे चुकलो की लगेच पकडतात.

*

व्यायामशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, बारा बाय चौदा. समोरच्या भिंतीत कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि बाकी सगळं जमिनीवर: डंबेल्स, मुद्गल, एक गदा. व्यायामशाळा चालवायचे बापू सावंत, मूळचे मालवणकडचे. संपात गिरणी गेली तेव्हापासून बापूंना घरात कोणी फारसं विचारत नव्हतं. सून चहा द्यायची, पण कप आपटून. पहाटे पाच ते आठ मात्र आम्ही बावीस जण "बापू, हे बरोबर का?" असं विचारत त्यांच्या मागे असायचो. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. ती खोली गेली तर बापूंचं काय उरेल, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

पेडणेकर चाळ कमिटीचे चेअरमन. एका शनिवारी नारळ घेऊन मारुतीच्या पाया पडायला आले. भाविक माणूस, दारातूनच डोळे मिटून चालू लागला. वाटेत वीस पौंडी डंबेल होता. अंगठा मोडला, पण नारळ हातातून सुटला नाही. तशा अवस्थेत त्यांनी आधी मारुतीपुढे नारळ वाढवला आणि मग बोंब मारली.

प्लास्टर घालून आल्यावर त्यांनी कमिटीची नोटीस लावली. हनुमान जयंतीच्या दिवशी तपासणी होईल. व्यायामशाळेची एकही वस्तू जमिनीला टेकलेली आढळल्यास खोली कॅरम क्लबला देण्यात येईल.

कॅरम क्लबचे अध्यक्षही पेडणेकरच होते.

*

मी तेव्हा मुलुंडला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. साहजिकच रॅकचं डिझाइन माझ्या गळ्यात पडलं. दोन बाजू, तीन फळ्या, चार पाय. साधा लाकडी रॅक, अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं. बापू त्याला मांडणी म्हणायचे, घरात ताटं लावायला असते तशी.

बापूंच्या अटी दोनच. एक, मारुतीच्या पावलांच्या वर काहीही जाता कामा नये. दोन, गदा आडवी ठेवायची नाही, कारण आडवं फक्त मेलेलं माणूस असतं. मी टेप लावला. मारुतीची पावलं जमिनीपासून साडेचार फुटांवर आणि गदा पाच फूट.

मी म्हटलं, मग मारुतीला थोडा वर घेऊ. मला वाटलं बापू भडकतील, पण ते म्हणाले, त्यालाच विचारूया.

आमच्याकडे कोकणात देवाला कौल लावतात. बापूंनी रुईची दोन पानं ओली करून मारुतीच्या दोन खांद्यांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो, डावं आधी पडलं तर नाही. मग हात जोडून विचारलं, "देवा म्हाराजा, तू वर सरकतलंस काय?"

डावं पान ताबडतोब पडलं.

मग मी गदा तिरकी ठेवायचं सुचवलं. तिरकी म्हणजे उभी की आडवी, यावर पुन्हा कौल लागला. या वेळी एकही पान पडेना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आम्ही सगळे हात जोडून मारुतीच्या खांद्यांकडे बघत उभे. कामावर जायची वेळ टळली, पण देव विचार करत असताना निघून जायची हिंमत कोणाची? पाऊण तासाने बापूंनी स्वतःच पानं काढली आणि "तो म्हणतोय तुमचं तुम्ही बघा" असा निकाल दिला. त्या दिवशी आमच्यातल्या सात जणांचा हाफ डे लागला. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं ते एकालाही सुचलं नाही.

*

ड्रॉइंग मी ऑफिसातच काढलं, जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्याच ट्रेसिंग पेपरवर. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. सवयीने तीही भरली. मंजुरीपुढे लिहिलं, मारुती. शेरा, उत्तर आलं नाही. आणि तो कागद चुकून पंपांच्या गठ्ठ्यातून चेकरच्या टेबलावर गेला.

आमचे चेकर रिटायरमेंटला आलेले, भयंकर काटेकोर. समोर आलेला कागद तपासल्याशिवाय सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दोन दिवसांनी माझं ड्रॉइंग लाल पेन्सिलीने रंगून परत आलं. गदेचा कोन दाखवलेला नाही. मधली फळी वजनाने वाकेल, खालून आधार द्यावा. आणि सगळ्यात शेवटी, मारुती व रॅक यांमधील किमान अंतर नमूद करावे.

मी धावत जाऊन माफी मागितली. हा पंप नाही, आमच्या व्यायामशाळेचा रॅक आहे, असं सांगितलं.

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते मला दिसलं. अंतर किती?"

मी म्हटलं, चार बोटं. त्यांनी स्वतःची चार बोटं पट्टीवर ठेवली, बहात्तर मिलिमीटर असं लिहिलं आणि सही केली. मधल्या फळीला आधार मी दिला, हेही सांगून टाकतो. म्हातारा बरोबर होता.

*

विश्राम मेस्त्री बापूंच्या गावचा सुतार, स्टेशनजवळ त्याचं दुकान. त्याने माझं ड्रॉइंग बघितलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. फळीला ज्या वस्तूसाठी खाच पाडायची ती वस्तू माझ्यासमोर आणा, म्हणाला. एक-दोन नव्हे, सगळ्या.

तेव्हा रविवारी सकाळी आम्ही बावीस जण सगळं सामान खांद्यावर घेऊन निघालो. पुढे बापू गदा घेऊन, त्यांच्यामागे मुद्गल, त्यामागे डंबेल्स. रस्त्यात एका बाईने बापूंच्या पायावर पाणी घातलं, दुसरीने ओवाळलं. बापूंनी नाही म्हटलं नाही. दुकानात मेस्त्रीने एकेक वस्तू फळीवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. दोन वाजले.

परत आलो तर आमच्या खोलीत कॅरम चालू! पेडणेकरांनी गॅलरीतून मिरवणूक बघितली होती. त्यांना वाटलं, आम्ही खोली सोडली. तेवढ्या वेळात त्यांनी बोर्ड आणला, वर दिवा टांगला आणि प्लास्टरचा पाय ठेवायला वेगळं स्टूलही आणलं.

"तुम्ही गेलात ना?" पेडणेकर म्हणाले.

"मापाक गेल्लंव," बापू म्हणाले.

डाव संपेपर्यंत पेडणेकर उठले नाहीत. ते गेल्यावर बघितलं तर बोर्डावरची पावडर मारुतीच्या पावलांपर्यंत उडाली होती. बापूंनी ती आपल्या पंच्याने पुसली. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. घरी जाताना मला एवढंच म्हणाले की दिल्या, मांडणी वेळेवर होऊ दे. मला त्यांच्याकडे बघवेना.

*

रॅक हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी आला. झकास झाला होता. प्रत्येक वस्तू आपापल्या खाचेत, गदा तिरकी, आणि तिचं टोक मारुतीच्या पावलांखाली बरोबर चार बोटं. बापूंनी उगाच दोन-तीनदा एक डंबेल काढून परत ठेवून बघितला.

सकाळी सूर्योदयाला जन्म झाला, आरती झाली, आणि पेडणेकर कमिटीचे दोन मेंबर घेऊन तपासणीला आले. हातात नोटीस आणि काठी. रॅकभोवती एक चक्कर मारली. वाकून बघितलं. मग नोटीस मोठ्याने वाचली आणि काठीने रॅकच्या पायावर टकटक केलं.

"हा रॅक कोणाचा? व्यायामशाळेचा. मग कुठे टेकलाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते चार पाय मीच काढले होते, आणि चेकरने तपासलेही होते. वाट लागली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बापूंनी पंचा कमरेला बांधला. माझ्यासकट सात जणांकडे नुसतं बघितलं. बापू धरून आठ जण, चार कोपऱ्यांना दोन-दोन. सगळ्या सामानासकट आम्ही रॅक उचलला. जास्त वर नेता येत नव्हता, कारण वर मारुती. म्हणून गुडघे वाकवून, अर्ध्या बैठकीत, जमिनीपासून दोन बोटं वर धरून राहिलो.

पेडणेकरांनी काठी रॅकखालून या बाजूने घातली आणि त्या बाजूने काढली. कुठेच अडली नाही. मग त्यांनी खिशातून यादी काढली आणि एकेक वस्तू वाचून टिक करायला लागले. वस्तू चाळीस. सोळाव्या वस्तूला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. पंचविसाव्या वस्तूच्या सुमाराला सुंठवडा वाटायला आला. आमचे हात मोकळे नव्हते, म्हणून तो आठही जणांच्या तोंडात घालावा लागला. पेडणेकरांनी आपला सुंठवडा शांतपणे खाल्ला, हात पुसले आणि सव्विसाव्या वस्तूकडे वळले.

यादी संपली. पेन हातात घेऊन ते थांबले.

"बापू, आम्ही गेल्यावर हे खालीच ठेवणार ना?"

बापूंचा चेहरा शेंदरासारखा झाला होता. मान वर न करता ते म्हणाले, "खाली ठेवतलो कोण?"

पेडणेकरांनी आम्हा आठ जणांकडे एकेक करून बघितलं. मग कागद बापूंच्या पाठीवर ठेवला आणि सही केली.