केसभर खाली लावलेली तार

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याच्याइतका भोळा माणूस मी पाहिलेला नाही. भोळा कसला, मूर्खच! सख्खी बहीण आहे, एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

बाळ्या त्याचा शाळेपासूनचा मित्र. या बाळ्याने झोपायच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा घाट घातला. खिडकीला गादी उभी केली, फ्रीजची घरघर नको म्हणून बायकोवर खेकसायला लागला. एकेक वाद्य वेगळं वाजवून घ्यायचं आणि मग सगळी एकत्र जोडायची. वाजवणं वेगवेगळ्या दिवशी, पण सूर एकच हवा ना! तिथे दादा लागायचा. आधी रेकॉर्ड केलेली गिटार हेडफोनवर ऐकत तो बाकीच्या तारा तिच्याशी जुळवायचा. तार जास्त चढली तर पार खाली नेऊन पुन्हा वर आणायचा, म्हणजे वाजवताना सटकत नाही. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात. त्या जोडीतली एक तो मुद्दाम केसभर खाली ठेवायचा. "आवाज भरतो गं," म्हणायचा.

या सगळ्या हमालीच्या बदल्यात गाण्यातला मधला तुकडा दादाने वाजवायचा, असं ठरलं होतं. त्याला तो आईसाठी हवा होता. आईचे कान चाललेत. समोर बसून वाजवलं तर काही पोचत नाही. हेडफोनवर पोचतं, पण तेही फार दिवस नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दादाने आपल्या मँडोलिनला नव्या तारा घातल्या. नव्या तारा सैल पडत राहतात, त्या खोलीच्या हवेला रुळाव्यात म्हणून वाद्य बाळ्याकडेच ठेवलं. कामावर जाताना रोज तिथे थांबून सुरात लावायचा.

"रविवारी तुझं घेऊन टाकू," बाळ्या म्हणाला.

रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. जसं काही शर्टच रेकॉर्ड होणार होता! बाळ्याने हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. गाण्यात मधला तुकडा होता. दादाने आपलं मँडोलिन ओळखलं, ती केसभर खालची तारही ओळखली. वाजवणारा मात्र दुसराच होता.

"अरे, तो काल आला आणि एका दमात वाजवून गेला," बाळ्या म्हणाला. "मनावर घेऊ नकोस. पण तुझ्यासारखं सुरात लावणारा मिळायचा नाही हं!"

मी असते तर गादीसकट त्याला खिडकीबाहेर काढला असता. आमचा शहाणा गाणं मोबाईलवर घेऊन, मँडोलिन काखेत मारून घरी आला.

आई वाट बघत बसली होती. तिने हेडफोन स्वतःच ओढून घेतला. मधला तुकडा आला तसे डोळे मिटले, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "काय सफाई आलीये रे तुझ्या हाताला! तूच ना हा?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

बाळ्याने तुकडा लाटला, ते एक वेळ गिळीन मी. पण त्याच्यापायी माझा दादा आईशी खोटं बोलला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आई रोज तेच गाणं मागते. दादाच लावून देतो.