गंगव्वाचा मंत्र

कुणाच्याही तोंडात घास जाताना दिसला की गंगव्वाचे ओठ हलायचे. शेळी पाला खात असो, कावळा भाकरीचा तुकडा उचलत असो, नाहीतर माझा नवरा पाटावर बसलेला असो, ही आपली कानडीत 'खा बाबा, पोटभर खा' म्हणत राहायची. माझा नवरा वैतागायचा, मला हसू यायचं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे तिचं बोलणं मला कळायचं. ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं असेल. आमच्या गिरणीच्या चाळीत बाकीची बिऱ्हाडं बार्शी-माढ्याकडची, कानडीचा गंध नसलेली. गंगव्वा विधवा, मूलबाळ नाही, कपाळाला विभूतीचे पट्टे. जिन्याखालच्या खोलीत ती आणि तिची शेळी. कुणाचं तान्हं अंगावर पीत नसलं की ही न बोलावता वाटीत शेळीचं दूध घेऊन हजर. कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजायची आणि म्हणायची, "हालु कुडी, हालु कुडी." हालु म्हणजे दूध, कुडी म्हणजे पी. दुसरं काही नाही.

शेजारच्या सरूबाईचं पहिलं लेकरू असंच पाजता पाजता गेलं. ते आधीच तापाने फणफणलेलं, डॉक्टरांनीही हात टेकले होते. पण सरूबाईच्या सासूने ते शब्द ऐकले होते. लेकराच्या कुडीचे हाल मागत होती, म्हणे! झालं, गंगव्वा चेटकीण ठरली. विभूती मसणातली राख झाली, शेळीच्या डोळ्यांतही लोकांना काहीबाही दिसायला लागलं. मी घसा कोरडा होईपर्यंत अर्थ सांगत फिरले. तर म्हातारी म्हणाली, तू तिच्याच भाषेची, तू दुसरं काय सांगणार? तिच्या शेळीचं दूध मग कुणी घरात घेईना.

सरूबाईला दुसरं झालं आणि तेही पिईना. तेव्हा अख्खी चाळ गंगव्वाच्या दारात जमली. मला वाटलं, आता हिला मारतात. पण सरूबाईने लेकरासकट पदर पसरला.

"मावशी, तुमचा मंत्र उलटा म्हना. मग ऱ्हावा हितंच. कोन तुमाला बोट लावनार न्हाय."

नाही म्हटला, तर आजच खोली सोडायची, असं पुरुषांनी बजावलं.

मंत्र उलटा म्हणजे काय? दूध पिऊ नको! मी गंगव्वाला आत ओढलं. म्हटलं, बाई, टाक म्हणून, इथे कुणाला कळतंय? दुसरं काही पुटपुटून भागणार नव्हतं, कारण हालु हा शब्द आता सगळ्यांना पाठ होता.

"त्यास्नी न्हाय कळत, तंगी. मला कळतंय की," ती म्हणाली. "भुकेल्या लेकराला दूद पिऊ नको म्हनून कसं म्हनू?"

ती बाहेर आली. सरूबाईच्या मांडीवर वाकून, सगळ्यांच्या देखत, नेहमीसारखंच म्हणाली, "हालु कुडी, कंदा. हालु कुडी." कंदा म्हणजे बाळ. बायका किंचाळत मागे सरल्या. कुणीतरी तिचं गाठोडं बाहेर फेकलं. ते उचलून, शेळीचं दावं धरून ती होटगीच्या रस्त्याला लागली. मी रडले, भांडले, कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरूबाई रिकामी वाटी घेऊन माझ्या दारात उभी. डॉक्टरांनी शेळीचं दूध द्यायला सांगितलंय, कुठं मिळंल, विचारत होती. मी होटगीच्या रस्त्याकडे नुसतं बोट केलं.