न हलणाऱ्या माणसाची चाचणी

त्या जूनमध्ये माझ्या दोन याद्या एकाच वेळी चालू होत्या. एक सासूबाईंना गावी पाठवायची: औषधं, चादरी, जास्तीचा चष्मा, गॅसची शेगडी दुरुस्त करून घेणं. वर्षावासात कोकणातल्या आमच्या गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ते वर्षानुवर्षं त्याच करतात. ते तीन महिने त्या गावच्या घरात एकट्या राहतात. वर्षावास सुरू होतो त्या आषाढी पौर्णिमेची वाट त्या होळीपासून बघतात.

दुसरी यादी ऑफिसची. नवी मुंबईत महापेला आमची छोटी कंपनी आहे, तिथे चाचण्या माझ्याकडे. आम्ही तपासत होतो तो सेन्सर दिसतो कॅमेऱ्यासारखा, पण फोटो काढत नाही. त्याची कल्पना माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावरून घेतली आहे. त्याचा प्रत्येक बिंदू आपल्यापुरता उजेड बघतो आणि उजेड बदलला तरच कळवतो. भिंत, कपाट, खुर्ची त्याला दिसतच नाहीत. जे हलतं तेवढंच स्क्रीनवर पांढरं उमटतं. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तो बसवायचा विचार होता. कुणी पडलं तर कळेल, आणि चेहरा कुठेच साठवला जाणार नाही.

एका चाचणीसाठी राहत्या घरात कुणीतरी अजिबात न हलता बसायला हवं होतं. स्क्रीन जवळजवळ काळा पडला तर पास. ऑफिसातल्या कुणालाच ते जमेना. मला सासूबाई आठवल्या. वंदना झाली की त्या हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर डोळे मिटून बसतात, तेव्हा शेजारच्या बोनकोडे गावातून डीजे वाजत आला तरी त्यांची पापणी हलत नाही.

"म्हणजे काही न करण्याचा पगार देते तुझी कंपनी?"

"पगार नाही, आई. चहा."

"आलं घाल मग."

त्या बसल्या. सेन्सर टीपॉयवर, लॅपटॉप माझ्या मांडीवर. श्वासाबरोबर त्यांच्या खांद्यांच्या कडेला दोन पुसट रेघा यायच्या, जायच्या. तेवढं आम्ही धरून चाललो होतो. पण मध्यभागी, मांडीजवळ, एक ठिपका सारखा चमकत होता.

मी एकेक कारण काढत गेले. मूर्तीपुढची मेणबत्ती स्वयंपाकघरात नेली. ट्यूब बंद केली; ती आपल्याला स्थिर वाटते, पण सेन्सरला तिची लुकलुक दिसते. खिडकीतला उजेड पुरेसा होता. पंखा बंद केला, पडदा बांधून टाकला. ठिपका तिथेच. सेन्सरचाच एखादा बिंदू बिघडला असेल म्हणून त्यांना जरा डावीकडे सरकायला सांगितलं. त्या सरकल्या. ठिपकाही सरकला.

"आई, मांडीवरचा पदर बाजूला घ्या ना."

"राहू दे. थंडी वाजते."

पंखा बंद, जूनचा उकाडा, आणि त्यांच्या कपाळावर घाम. मी लॅपटॉप खाली ठेवला आणि पदर उचलला. उजव्या हाताचा अंगठा हलत होता. बोटांवर काहीतरी मोजत असावा तसा, न थांबता.

"कधीपासून?"

"मागल्या वर्षी वाचन संपलं तेव्हापासून." त्यांनी पदर परत ओढून घेतला. "बंद कर तुझा तो डोळा. आणि त्याला सांगू नको."

तो म्हणजे माझा नवरा. "तो जाऊ देणार नाय गो मला. एवढं एक वर्ष होऊन जाऊ दे."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहा केला, आलं घालून. त्यांनी कप डाव्या हाताने उचलला. कितीतरी महिने त्या तो तसाच उचलत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते रेकॉर्डिंग लावलं. शेजारचा इंजिनीयर म्हणाला, "मॅडम, हा नॉइज आहे, फालतू सिग्नल. फिल्टर मारू?" त्याने एक बटण दाबलं आणि ठिपका गेला. स्क्रीन काळा. चाचणी पास. मी त्याला फिल्टर काढायला लावला आणि निकालात नापास लिहिलं. मग जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला.

डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात दिसते. गोळ्या दिल्या. गावी जायला हरकत नाही, पण एकटीने राहायचं नाही. घरी यावरून दोन दिवस वाजलं. नवरा म्हणे तिकीट रद्द कर. सासूबाई माझ्याशी बोलेनात. शेवटी मी आठवड्याची रजा टाकली, यादीत पुस्तक ठेवायचं लाकडी स्टँड वाढवलं आणि त्यांना घेऊन निघाले. पुढच्या महिन्यांचं काय, ते तिथे कुणाशी तरी बोलून ठरवायचं होतं.

पौर्णिमेला विहार भरला होता. मी मागे बसले. त्यांचा आवाज खणखणीत होता, चुकत काहीच नव्हतं. पहिलं पान संपलं. उजवा हात वर आला, पण अंगठ्यात पान धरलं जाईना. कागद फडफडत राहिला. त्यांनी डाव्या हाताने पान उलटलं आणि पुढे वाचायला लागल्या. पुढची सगळी पानं त्यांनी डाव्या हातानेच उलटली.

घरी परतायला निघालो तेव्हा शेजारची सून आमच्याबरोबर होती. विहाराच्या पायरीवरच सासूबाईंनी तिला थांबवलं.

"उद्यापासून तू वाच. मी बाजूला बसेन, अडलीस तर सांगेन. आठवडाभर."

"आणि मग, काकी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परतीचं तिकीट तुझं एकटीचंच काढलंयस ना?"

"हो."

"दोघींचं काढ."

त्यांचा हात उघडाच होता. पदर त्यांनी खांद्यावर टाकला होता.